तुकडा काढण्याआधी बीटा एचसीजी: मेंदूत पसरलेल्या कोरिओकार्सिनोमाचे उपचार कसे चालतात

या आजाराची रुग्ण कर्करोगाच्या ओपीडीत सरळ येत नाही. ती आधी न्यूरोच्या वॉर्डात असते, नाहीतर आयसीयूत. अचानक डोकं दुखून उलट्या झालेल्या असतात, फिट आलेली असते किंवा एक हात-पाय लुळा पडलेला असतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो. वय पंचवीस-तीस, बीपी नाही, डोक्याला मार लागलेला नाही. मग रक्तवाहिनीचा फुगा आहे का, शिरेत गुठळी झाली आहे का, टीबीची गाठ आहे का, असा शोध सुरू होतो. जो प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा तो राहून जातो: शेवटचं गरोदरपण कधीचं आणि ते कसं संपलं?

कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींचा कर्करोग. निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो द्राक्षगर्भानंतर (पिशवीत नीट गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढतात ते गरोदरपण) होतो, साधारण पाव भाग रुग्णांत गर्भपात किंवा नळीतल्या गर्भानंतर, आणि उरलेल्या पाव भागात अगदी सुरळीत बाळंतपणानंतर. हा शेवटचा गट सगळ्यात फसवा. बाळ गुटगुटीत, टाके भरलेले, आणि सहा-आठ महिन्यांनी आईला फिट येते. दोन्ही गोष्टींचा संबंध घरच्यांना लागत नाही, आणि कित्येकदा डॉक्टरांनाही लागत नाही.

वारेच्या पेशींचं मूळ कामच गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरणं. त्या कर्करोगी झाल्या की हाच गुण घातक ठरतो. त्या रक्तातून आधी फुप्फुसांत जातात आणि तिथून मेंदूत. पसरलेल्या आजारात फुप्फुसं सुमारे ८० टक्के रुग्णांत सापडतात, मेंदू आणि यकृत प्रत्येकी दहाएक टक्क्यांत. मेंदूत गाठ असते तेव्हा छातीत बहुतेक वेळा काहीतरी असतंच. म्हणून तरुण बाईच्या मेंदूत रक्तस्राव आणि छातीच्या एक्स-रेत गोल पांढरे डाग अशी जोडी दिसली, की टीबीची औषधं सुरू करण्याआधी एक रक्ततपासणी करायची. सीरम बीटा एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशी बनवतात त्या गरोदरपणाच्या संप्रेरकाची रक्तातली पातळी. कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये नमुना घेतात आणि उत्तर त्याच दिवशी मिळू शकतं.

इथे घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, हिचं बाळ सात महिन्यांचं आहे, आता गरोदरपणाची चाचणी कशाला?" सासूबाई विचारतात तेव्हा त्यात थोडा संशयही असतो, आणि तो तिथल्या तिथे दूर करावा लागतो. आम्ही सांगतो, "काकू, ही चाचणी वारेच्या पेशी अंगात कुठे शिल्लक आहेत का ते दाखवते. हिनं काही लपवलेलं नाही." हे वाक्य नवऱ्यासमोर आणि माहेरच्या माणसांसमोर पुन्हा बोलायचं. पुढचे कित्येक महिने घरात तिच्याकडे कसं पाहिलं जाणार, ते बरंचसं या संभाषणावर ठरतं.

आता चाचणी कुठे फसते ते. एचसीजी प्रचंड वाढलं असेल तर यंत्रातली रसायनं त्यात बुडून जातात आणि आकडा खोटा कमी येतो, लघवीची पट्टी तर चक्क निगेटिव्ह येऊ शकते. चित्र जुळत असताना आकडा किरकोळ आला, तर लॅबला फोन करून नमुना शंभरपट, हजारपट पातळ करून पुन्हा लावायला सांगायचं. उलटही होतं. काहींच्या रक्तातली प्रतिपिंडं चाचणीशीच भिडतात आणि एचसीजी नसताना आकडा येतो. ती प्रतिपिंडं लघवीत उतरत नाहीत. त्यामुळे रक्तात काही शे आणि लघवीत शून्य असं आलं की केमोचा विचार थांबवून नमुना दुसऱ्या कंपनीच्या किटवर तपासायचा. आणि नवं गरोदरपण नाही ना, हे सोनोग्राफीने पाहायचंच.

यानंतरची गोष्ट आम्ही जीव तोडून सांगतो: एचसीजी लाखात आहे, फुप्फुसांत आणि मेंदूत गाठी आहेत, नुकतं गरोदरपण होऊन गेलं आहे, तर निदान झालेलं आहे. तपासणीसाठी गाठीचा तुकडा (बायोप्सी) काढायचा नाही. इतर बहुतेक कर्करोगांत तुकडा तपासणीशिवाय केमो देत नाहीत, त्यामुळे हे पटायला जड जातं. पण या गाठी म्हणजे नुसत्या रक्तवाहिन्यांचं जाळं. फुप्फुसातल्या गाठीत सुई गेली की रक्त थांबवणं अवघड होतं. योनीमार्गात निळसर-जांभळी गाठ दिसते, ती चिमट्याने धरून तुकडा घेण्याचा मोह होतो, आणि मग पॅक भरून, रक्ताच्या पिशव्या लावून रात्र काढावी लागते. योनीमार्गाची तपासणीसुद्धा हलक्या हाताने करायची. पिशवी साफ करण्यासाठी पुन्हा पुन्हा क्युरेटिंगही नको.

स्कॅनमध्ये मेंदूचा एमआरआय गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं औषध देऊन करायचा, म्हणजे गाठी उठून दिसतात, आणि रक्त टिपणारा सिक्वेन्स त्यात असायलाच हवा. सीटीवर एकच रक्ताचा डाग दिसलेला असतो, एमआरआयमध्ये राखाडी आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर बारीक-बारीक चार-पाच निघतात. छाती आणि पोटाचा सीटी, ओटीपोटाची डॉपलर सोनोग्राफी. मेंदूबद्दल शंका उरली तर पाठीतून पाणी काढून त्यातलं एचसीजी मोजता येतं. ते रक्तातल्या आकड्याच्या साठाव्या भागापेक्षा जास्त असेल तर मेंदू किंवा त्याच्या आवरणात आजार आहे असं धरतात. मात्र उपचार सुरू होऊन रक्तातला आकडा झपाट्याने उतरत असताना हे गुणोत्तर फसवं ठरतं, कारण पाण्यातला आकडा सावकाश उतरतो. आणि मेंदूत दाब वाढलेला असताना पाठीत सुई घालायची नाही, हे तर कुणीही सांगेल.

मग फिगोचा, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेचा, जोखमीचा गुणांक काढायचा. एक उदाहरण घेऊ. वय २९, म्हणजे ० गुण. शेवटचं गरोदरपण पूर्ण दिवसांचं, २. ते संपून ८ महिने झाले, २. एचसीजी २ लाख ४० हजार, ४. सगळ्यात मोठी गाठ ४ सेंटीमीटर, १. मेंदूत प्रसार, ४. आठपेक्षा जास्त गाठी, ४. आधी केमो झालेली नाही, ०. बेरीज १७. सात किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी, एका औषधाने भागणार नाही. तेरा किंवा जास्त म्हणजे अतिजोखीम. इथे एक बारकावा आहे: फुप्फुसातल्या गाठी गुणांकासाठी एक्स-रेवर मोजतात, सीटीवर नाही. सीटीवरचे मिलिमीटरभर ठिपके मोजले तर गुण उगाच फुगतात.

न्यूरोसर्जनची गरज कधी लागते? डोळ्याची बाहुली मोठी होऊ लागली, शुद्ध हरपत चालली, रक्ताची गुठळी मेंदू दाबते आहे, तर कवटी उघडावीच लागते, आणि त्यात तासांचाही उशीर चालत नाही. तिथे जीव वाचवणं हा एकच हेतू. शस्त्रक्रिया झालीच तर काढलेली गुठळी फेकायची नाही, सगळीच्या सगळी फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला पाठवायची. कर्करोगाच्या पेशी बहुधा गुठळीच्या कडेला चिकटलेल्या असतात, आणि अर्जावर 'एचसीजी वाढलेलं आहे' हे तीन शब्द लिहिलेले नसतील तर अहवाल 'फक्त रक्त' असा येऊ शकतो. त्याच तुकड्यावर जनुकीय तपासणीही होते. त्यात नवऱ्याकडून आलेला डीएनए सापडला तर आजार गरोदरपणातूनच आला हे पक्कं. नाही सापडला, तर एचसीजी बनवणारा दुसराच कुठलातरी कर्करोग आहे आणि उपचारांचा रस्ता बदलतो.

केमोच्या आदल्या दिवशीची यादी मोठी असते. किडनी, लिव्हर, रक्तपेशी, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही. थायरॉइड विसरायचं नाही. एचसीजी लाखांत गेलं की ते थायरॉइडला चेतवतं, नाडी १३०-१४० ला पोचते, आणि कुणी ते नुसतं तापामुळे समजून भूल दिली तर प्रसंग ओढवतो. फिटसाठी आम्हाला लेव्हेटिरासिटॅम बरं वाटतं. फेनिटॉइन यकृताचा वेग वाढवतं आणि एटोपोसाइड लवकर संपवून टाकतं. सूज उतरायला डेक्सामेथासोन.

बाळ अंगावर पीत असेल तर ते थांबवावं लागतं. हे सांगणं सोपं नाही, आणि घाईघाईत सांगायचंही नाही. दूध बंद करायच्या गोळ्या, बाळाला वरचं दूध कसं आणि किती, कोण पाजणार, हे सगळं त्याच बैठकीत ठरवायचं. बाळाचंही एचसीजी एकदा तपासतो. आईचा आजार बाळात जाणं अतिविरळ, पण गेलाच तर लवकर कळायला हवा. आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेली ती लाल गोळी! बाळंतिणी ती नेमाने घेतात आणि ती औषध आहे असं कुणाला वाटत नाही, म्हणून विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तिच्यात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असतं. मेथोट्रेक्सेट काम करतं ते फोलेटचा मार्ग अडवून, तेव्हा ती गोळी बंद.

आता उपचार. सुरुवातीलाच पूर्ण डोस दिला तर गाठी एकदम मरतात आणि मरताना फुटतात. मेंदूत पुन्हा रक्त, फुप्फुसांत रक्त, श्वास कोंडणं. पूर्वी अतिजोखमीच्या बऱ्याच रुग्ण पहिल्या महिन्यातच जायच्या. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयाने १९९५ पासून अशा रुग्णांत आधी हलका डोस द्यायला सुरुवात केली: एटोपोसाइड शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मि.ग्रॅ. आणि सिस्प्लॅटिन चौरस मीटरला २० मि.ग्रॅ., आठवड्यातून दोन दिवस, आणि असे एक ते तीन आठवडे. त्यांच्या मोठ्या जोखमीच्या रुग्णांत लवकर मृत्यूचं प्रमाण ७.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आलं. म्हणून नातेवाईक "मोठा डोस का देत नाही, वेळ वाया जातोय" म्हणाले तरी आम्ही पहिले एक-दोन आठवडे हलकेच जातो. या दिवसांत रुग्ण आयसीयूच्या जवळ हवी, दर तासाला शुद्ध आणि बाहुल्या पाहायला हव्यात. मेंदूत ताजं रक्त असेल तर प्लेटलेट एरवीपेक्षा वर ठेवायच्या, आम्ही लाखाच्या आसपास धरतो.

मग मुख्य उपचार, ईएमए-सीओ. पाच औषधं (ईएमए म्हणजे एटोपोसाइड, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅक्टिनोमायसिन; सीओ म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड आणि व्हिन्क्रिस्टिन), चौदा दिवसांचं चक्र. १.५ चौरस मीटर पृष्ठभागाच्या बाईचा हिशोब धरून सांगतो. पहिल्या दिवशी अ‍ॅक्टिनोमायसिन-डी ०.५ मि.ग्रॅ., चालू सलाईनच्या धारेत. हे शिरेबाहेर सांडलं तर कातडी सडते, त्यामुळे हाताच्या मागच्या बारीक शिरेत नको, मोठ्या शिरेत बसवलेली पिक लाइन किंवा पोर्ट बरा. मग एटोपोसाइड १५० मि.ग्रॅ., ५०० मि.लि. सलाईनमध्ये, तासाभरात. कमी सलाईनमध्ये घातलं तर औषध स्फटिक होऊन खाली बसतं, मिलिलिटरला ०.४ मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही. घाईने सोडलं तर बीपी पडतं. त्यानंतर मेथोट्रेक्सेट. मेंदूत आजार नसताना ते चौरस मीटरला ३०० मि.ग्रॅ. देतात. मेंदूत पुरेसं पोचावं म्हणून इथे १००० मि.ग्रॅ., म्हणजे या बाईला १५०० मि.ग्रॅ., चोवीस तासांत. दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्टिनोमायसिन आणि एटोपोसाइड पुन्हा तेवढंच.

मेथोट्रेक्सेटचे ते चोवीस तास आणि पुढचे तीन दिवस म्हणजे खरी परीक्षा, आणि ती नर्सिंगची. बाटली पिवळी धमक, उजेडापासून वाचवायला झाकलेली. औषध आम्लधर्मी लघवीत विरघळत नाही, किडनीच्या नळ्यांत साचतं. म्हणून आधीपासून सलाईन, त्यात सोडा-बायकार्ब, दिवसाला चौरस मीटरला तीनएक लिटर पाणी. प्रत्येक लघवीत पीएचची पट्टी बुडवायची आणि रंग जुळवून वहीत लिहायचं. ७ च्या खाली रंग आला की बायकार्बचा जादा डोस, आणि पट्टी ७ च्या वर येईपर्यंत औषध सुरू करायचं नाही. रात्री तीन वाजताची लघवी मोजायची राहिली आणि सकाळी पट्टी ६ दाखवते, असं होता कामा नये. मेंदूला सूज असताना एवढं पाणी घालणं दुधारी असतं, त्यामुळे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशोब दर चार तासांनी. वजन सकाळ-संध्याकाळ.

मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणजे ल्यूकोव्होरिन. या मात्रेत ते बाटली सुरू झाल्यापासून ३२ तासांनी सुरू करतो: ३० मि.ग्रॅ., दर १२ तासांनी, तीन दिवस. बाटली सकाळी ११ ला लावली असेल तर पहिला डोस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७ ला. ड्युटी बदलायची वेळ हीच, म्हणून हा डोस चार्टवर लाल शाईत लिहिलेला असतो. गोळी दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर शिरेतून पुन्हा द्यायचा. ४८ तासांना मेथोट्रेक्सेटची रक्तातली पातळी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. पातळी रेंगाळली तर ल्यूकोव्होरिन वाढवायचं आणि पातळी ०.१ मायक्रोमोलखाली जाईपर्यंत थांबवायचं नाही.

पातळी का रेंगाळते? कारणं बहुतेक वेळा साधी असतात. छातीत पाणी साठलेलं आहे, त्यात औषध मुरतं आणि हळूहळू परत रक्तात येतं. ते आधी काढायला हवं होतं. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल चालू राहिली. न्यूमोनियापासून बचाव म्हणून कोट्रायमोक्साझोल दिलं गेलं. किंवा डोकं दुखतंय म्हणून भावाने खालच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून दिली. शेवटचं सगळ्यात जास्त होतं. म्हणून खाटेशेजारी एक चिठ्ठी लावतो: आमच्या हातचं सोडून एकही गोळी नाही, तापाचीसुद्धा नाही.

आठव्या दिवशी 'सीओ': व्हिन्क्रिस्टिन चौरस मीटरला १ मि.ग्रॅ., कितीही झालं तरी २ मि.ग्रॅ.च्या वर नाही, आणि सायक्लोफॉस्फमाइड ६०० मि.ग्रॅ.च्या दराने ९०० मि.ग्रॅ. याच दिवशी पाठीतून १२.५ मि.ग्रॅ. मेथोट्रेक्सेट देण्याची पद्धत अनेक केंद्रांत आहे, एचसीजी नॉर्मल होईपर्यंत. आणि इथेच या सगळ्या उपचारातला सगळ्यात भयंकर धोका आहे. व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीत गेलं तर रुग्ण जवळजवळ हमखास दगावते. जगभरात असं घडलेलं आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही औषधं एकाच ट्रेमध्ये, सारख्या सिरिंजमध्ये होती म्हणून. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा देऊन व्हिन्क्रिस्टिन सिरिंजऐवजी लहान पिशवीतून द्यायला सांगितलं. पन्नास मिलिलिटरची पिशवी कुणी पाठीच्या सुईला जोडायला जात नाही, हे त्यातलं साधं तर्कशास्त्र. आमचा नियम असा: व्हिन्क्रिस्टिनची सिरिंज फार्मसीतून बाहेरच पडत नाही. पाठीतलं औषध प्रोसीजर रूममध्ये, परिरक्षक नसलेल्या कुपीतूनच, दोघांनी लेबल मोठ्याने वाचून. ते देऊन रुग्ण वॉर्डात परतली आणि नोंद झाली की मगच व्हिन्क्रिस्टिनची पिशवी वर मागवायची. दोन औषधं एका खोलीत येत नाहीत. डे-केअरला गर्दी असते, सणाच्या आधी तर फारच, आणि "एकदमच उरकून टाकू" हा आवाज तेव्हाच निघतो. तेव्हाच थांबायचं.

पाठीत सुई घालण्याआधी प्लेटलेट पाहायच्या, आणि ताज्या एमआरआयमध्ये दाब नाही याची खात्री करायची. मोठी गाठ, भोवती सूज, मेंदूची मधली रेषा सरकलेली, असं असेल तर पाठीतला डोस पुढे ढकलायचा आणि शिरेतल्या मोठ्या डोसवर भिस्त ठेवायची.

पुढे दर चौदा दिवसांनी हेच. पांढऱ्या पेशी पडतात, तोंड येतं, केस जातात. पण चक्र लांबवण्याची सवय नको. या आजाराच्या पेशी फार वेगाने वाढतात, आणि आठवडाभराची सवलत त्यांना पुरते. पेशी पडत असतील तर त्या वाढवणारी जीसीएसएफची इंजेक्शनं, रक्त लागलं तर रक्त, पण डोस कापायचा नाही आणि तारीख शक्यतो हलवायची नाही. ताप १०० च्या वर गेला की घरी पट्ट्या ठेवत न बसता थेट इमर्जन्सीत यायचं, रात्री दोन वाजता आला तरी.

एचसीजी दर आठवड्याला, एकाच लॅबमध्ये, एकाच यंत्रावर. गावाकडच्या लॅबचा एक आकडा आणि इथला दुसरा अशी सरमिसळ झाली की आलेख वाचता येत नाही. आकडा लॉग आलेखावर (दर पायरी आधीच्या दहापट) मांडायचा, कारण अडीच लाखांवरून पंचवीस हजार आणि अडीचशेवरून पंचवीस, ही घट सारखीच. पहिल्या केमोनंतर तो काही दिवस वाढूही शकतो, पेशी फुटून आतलं बाहेर येतं. घाबरून औषध बदलायचं नाही. पण लागोपाठ दोन आठवडे वाढला किंवा तीन आठवडे जागचा हलला नाही, तर औषधाला आजार दाद देत नाही असं समजून बदल करायचा. बहुधा सीओच्या जागी एटोपोसाइड-सिस्प्लॅटिन येतं. एखादीच गाठ चिवट उरली तर ती शस्त्रक्रियेने काढतात. त्यालाही न जुमानणाऱ्या आजारात आता पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी काम करताना दिसते, पण ती महाग आहे.

आकडा ५ च्या खाली आला की घरात पेढे वाटले जातात. वाटू द्यावेत. पण उपचार इथे थांबत नाहीत. ५ म्हणजे शून्य नव्हे, मोजता न येण्याइतक्या पेशी अजून असू शकतात. मेंदूत किंवा यकृतात आजार असेल तर त्यानंतर आणखी आठ आठवडे, म्हणजे चार चक्रं द्यायची. याच टप्प्यावर काही जणी गायब होतात, आणि परत येतात तेव्हा आजार कणखर झालेला असतो.

आकडा ८-१० ला अडून बसला तर वेगळा विचार करावा लागतो. केमोने अंडाशय शांत झाल्यावर पिट्युटरी ग्रंथी स्वतःच थोडं एचसीजी बनवते. ज्यांना चालतात त्यांना काही आठवडे गर्भनिरोधक गोळ्या देऊन आकडा पुन्हा बघायचा. तो विरघळला तर कर्करोग नव्हताच. ही पायरी वगळून दुसरी केमो सुरू करणं म्हणजे नसलेल्या आजाराला विष देणं.

रेडिएशनबद्दल सगळेच विचारतात, कारण मेंदूत गाठ म्हणजे शेक, असं डोक्यात बसलेलं आहे. पूर्ण मेंदूला शेक दिल्याने पुढे स्मरणशक्ती मंदावते, आणि या बायकांना अजून चाळीस-पन्नास वर्षं जगायचं असतं. केमो इतकी नीट काम करत असताना आम्ही तो टाळतो. उरलेल्या एखाद्या ठिपक्यावर नेमका मारा करणारी रेडिओसर्जरी वापरता येते. शेवटच्या एमआरआयमध्ये जुन्या रक्ताचा काळा व्रण राहतोच. एचसीजी नॉर्मल असेल तर त्या व्रणाच्या मागे लागायचं नाही.

सगळं मिळून साधारण चार ते सहा महिने मोठ्या शहरात काढावे लागतात. औषधं जुनी आणि जेनेरिक आहेत. मेथोट्रेक्सेटने हा आजार उतरतो हे मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अमेरिकेत १९५६ मध्येच दाखवलं, आणि नुसत्या औषधांनी बरा झालेला गाठीचा हा पहिला कर्करोग. खर्च होतो तो आयसीयू, एमआरआय आणि राहण्यावर. पहिल्याच दिवशी समाजसेवकाकडे पाठवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद करायला लावायचे: रेशन कार्ड, आधार, फोटो. मुंबईत येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणं आहेत. सोबत एक बाई-माणूस आणि बाळाला सांभाळणारं एक, अशी दोन माणसं तरी हवीत. नवरा एकटाच असेल तर तो महिनाभरात थकतो, नोकरी जाते, आणि तारखा चुकायला लागतात.

केमो संपल्यावर एचसीजी आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत, कारण नव्या गरोदरपणाचं एचसीजी आणि परतलेल्या आजाराचं एचसीजी वेगळं ओळखता येत नाही. आकडा नॉर्मल होईपर्यंत कॉपर-टी नको, पिशवीला भोक पडू शकतं. लुळा पडलेला हात फिजिओथेरपीने बराच सुधारतो, ती केमोबरोबरच सुरू करावी. फिटचं औषध न्यूरोच्या सल्ल्याशिवाय सोडायचं नाही.

वर्षानंतर मूल हवं असेल तर बहुतेकींना होतं, आणि ते इतर मुलांसारखंच निरोगी असतं. दिवस राहिले की सहा ते आठ आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आणि नॉर्मल आहे हे बघायचं. बाळंतपण जिथे करणार तिथल्या डॉक्टरांना जुनी फाईल आधीच दाखवायची, म्हणजे वार टाकून न देता तपासणीला जाईल. आणि बाळंतपण असो की गर्भपात, त्यानंतर सहा आठवड्यांनी बीटा एचसीजी पुन्हा एकदा.